घरगुती मत्स्यटाकी आणि अतिनील किरणांचा अंमल

रत्नागिरी शहराला लागून असलेल्या मिरजोळे गावाची भूमी जांभ्याची आहे, आणि वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक कोसळणारा कोकणचा पाऊस मृगाच्या पहिल्या सरींतच ती तांबडी माती धुऊन वहाळांत आणि कठडा नीट न बांधलेल्या विहिरींत कशी आणून सोडतो, हे तेथे जन्म काढलेल्या माणसाला निराळे सांगावयास नको. पिण्याच्या पाण्याचा बंदोबस्त अशा दिवसांत प्रत्येक घर आपापल्या परीने करते. कोणी तुरटी फिरवतो, कोणी पाणी निवळू देऊन गाळतो, कोणी उकळतो. परंतु औद्योगिक वसाहतीच्या आसऱ्याने वाढलेल्या येथल्या घरांतून, दिवाणखान्याच्या एका कोपऱ्यात, गप्पी, मोली नि गोल्डफिश यांची काचेची टाकी जेव्हा दाखल होते, तेव्हा त्या टाकीतील पाण्याचा बंदोबस्त कोणी व कसा करावा, हा प्रश्न बहुधा पाणी बिघडल्यानंतरच उभा राहतो.

आणि ते बिघडते. वैशाखात, खिडकीतून येणाऱ्या उन्हाने, चार दिवसांत पाणी शेवाळी हिरवे होऊन मासा दिसेनासा होतो. आषाढात बदललेले पाणी गढूळ निघते. पहिल्या मोठ्या पावसाने हवा एकाएकी गार झाली, की माशांच्या परांवर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके उमटतात. अशा वेळी दुकानात सल्ला विचारावयास गेलेल्या गृहस्थाच्या हाती अलीकडे एक काळी नळी ठेवण्यात येते व ‘यूव्ही लावा, सगळे जाईल’ असे सांगण्यात येते. ती नळी खोटी नाही, तिच्यामागचे शास्त्र शंभर वर्षांहून अधिक काळ कसोटीला उतरलेले आहे, आणि योग्य जागी ती अत्यंत उपयुक्त ठरते. परंतु ‘सगळे जाईल’ हे वचन मात्र तिच्या अधिकाराबाहेरचे आहे. त्या अधिकाराची हद्द कोठवर जाते, हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

रत्नागिरीकराला मत्स्यविद्या परकी नाही. १९५८ साली येथे स्थापन झालेल्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय कित्येक पिढ्यांच्या शाळकरी मुलांनी डोळे विस्फारून पाहिले आहे, आणि शिरगावचे मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या छत्राखाली या विषयाचे रीतसर शिक्षण देत आले आहे. या विद्येच्या व्यवहारात अतिनील दिव्याला एक ठरलेले स्थान आहे. कोळंबीची बीजनिर्मिती जेथे होते तेथे समुद्राचे पाणी प्रथम हौदात निवळते, मग वाळूच्या गाळणीतून उतरते, मग सूक्ष्म छिद्रांच्या गाळणीतून जाते, आणि इतके सर्व झाल्यावर अखेरीस अतिनील दिव्यासमोरून वाहून पिल्लांच्या टाकीत पोहोचते. हा क्रम वाचकाने ध्यानात ठेवावा, कारण घरगुती टाकीत होणारी निराशा पुष्कळदा हा क्रम उलटा केल्यामुळेच पदरी येते.

अतिनील किरणांचा शोध १८०१ सालचा. योहान विल्हेल्म रिटर या जर्मन शास्त्रज्ञाने सूर्यप्रकाशाचा वर्णपट पाडून त्यात सिल्व्हर क्लोराईड माखलेला कागद धरला, तेव्हा जांभळ्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्याला काहीच दिसत नव्हते, तेथेच तो कागद सर्वांत लवकर काळवंडला. पुढे १८७७ मध्ये डाउन्स आणि ब्लंट या इंग्रज संशोधकांनी सूर्यप्रकाश जंतूंची वाढ रोखतो हे दाखवून दिले. प्रकाशाने त्वचेचा क्षय बरा करणाऱ्या डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांना १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आणि १९१० मध्ये फ्रान्समधील मार्सेय शहरी पिण्याचे पाणी अतिनील दिव्याने निर्जंतुक करण्याचा पहिला मोठा प्रयोग झाला. आपल्याकडे १९८० च्या दशकात अ‍ॅक्वागार्ड स्वयंपाकघराच्या भिंतीवर आले, त्याच्या पोटातही हाच दिवा होता.

किरण करतो ते काय? पाऱ्याच्या कमी दाबाच्या वाफेतून वीज खेळविली असता २५३.७ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश विपुल निघतो, आणि प्रत्येक जीवपेशीत तिच्या वंशाचा सगळा दस्तऐवज ज्या डीएनएच्या रूपाने जपलेला असतो, ते डीएनए नेमका याच सुमाराचा प्रकाश शोषून घेते. त्या आघाताने डीएनएच्या साखळीतील शेजारशेजारचे थायमिनचे घटक एकमेकांना चिकटतात. साखळीची नक्कल करणे पेशीला अशक्य होते. आणि ज्या जंतूला आपली नक्कल करता येत नाही तो क्षणार्धात मेला नाही तरी निर्वंश झालेला असतो. मात्र आघात अपुरा पडल्यास काही जंतू दृश्य प्रकाशाच्या साहाय्याने ही इजा दुरुस्त करून पुन्हा उभे राहतात, म्हणून किरणांची मात्रा पुरेशी असणे अगत्याचे आहे. सूर्याचा या तरंगलांबीचा प्रकाश वातावरणातील ओझोनच्या थरात अडतो व भूमीवर पोहोचतच नाही; सबब टाकी अंगणातल्या उन्हात ठेवून दिव्याचे काम साधेल ही कल्पना सोडून द्यावी. उन्हाने शेवाळ तेवढे फोफावेल.

दुकानातून आणलेली ती काळी नळी एकदा वीज पूर्ण तोडून उघडून पाहण्याजोगी आहे. बाहेर प्लॅस्टिकचे जाड कवच, त्याच्या दोन बाजूंना पाणी आत येण्याची व बाहेर जाण्याची तोंडे. आत क्वार्ट्झची एक पारदर्शक नळी, तिच्या तोंडाशी पाणी अडविणारी रबराची कडी. आणि त्या नळीच्या आत, पाण्यापासून अलिप्त, बोटाएवढ्या जाडीचा पाच, सात, नऊ किंवा अकरा वॅटचा दिवा, ज्याच्या तारा बाहेरच्या चोकला जाऊन मिळतात. घरातल्या ट्यूबलाइटमध्येही पाऱ्याची हीच वाफ हाच प्रकाश निर्माण करते, परंतु तेथे काचेच्या आतला पांढरा लेप त्याचे दृश्य प्रकाशात रूपांतर करतो, आणि उरलासुरला किरण साधी काच अडवून धरते. येथे लेप नाही व साधी काचही नाही. क्वार्ट्झ त्या किरणाला वाट देते. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या काही दिव्यांत मात्र नुसता जांभळा उजेड पाडणारे एलईडी बसविलेले असतात. ते दिसावयास मोहक असले, तरी जंतुनाशक तरंगलांबीपासून ते दूर असतात. म्हणून खरेदीपूर्वी वेष्टनावर २५४ नॅनोमीटर हा आकडा आहे की नाही, हे पाहून घ्यावे.

आता मात्रेचा हिशेब. किरणांची मात्रा म्हणजे त्यांची तीव्रता गुणिले पाणी त्यांच्यासमोर राहिले तो काळ. ती दर चौरस सेंटिमीटरला मिलिज्यूलमध्ये मोजतात. पिण्याच्या पाण्यासाठी ४० मिलिज्यूल ही मात्रा सामान्यतः मान्य आहे, आणि बहुतेक साधे जीवाणू त्याहून कमी मात्रेतच निकामी होतात. परंतु पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा परोपजीवी आकाराने कितीतरी मोठा असल्यामुळे त्याच्या पोहणाऱ्या पिल्लांना १०० मिलिज्यूलच्या घरातील मात्रा लागते. पंपाचा वेग दुप्पट केला की पाणी निम्म्या वेळात नळीतून निसटते व मात्रा निम्मी होते. वेग कमी केला तर मात्रा वाढते, पण दिवसाकाठी नळीतून जाणारे पाणी घटते. हिरव्या पाण्यासाठी वेग थोडा अधिक चालतो, परोपजीवीसाठी तो मंद लागतो, आणि दोन्ही कामे एकाच दिव्याकडून घ्यावयाची तर टाकीच्या मानाने दिवा मोठा घ्यावा लागतो.

याहूनही महत्त्वाची एक गोष्ट आहे, आणि ती पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. समजा, टाकी १०० लिटरांची आहे व पंप तासाला १०० लिटर पाणी दिव्यासमोरून नेतो. एका तासात सर्व पाणी शुद्ध झाले असे सहज वाटेल. पण नळीतून बाहेर पडलेले पाणी त्याच टाकीत मिसळत असल्यामुळे तेच पाणी पुनःपुन्हा नळीत शिरते आणि काही पाणी एकदाही शिरत नाही. गणिताने पाहता पहिल्या तासाअखेर ३७ टक्के पाणी अस्पर्श राहिलेले असते, दुसऱ्या तासाअखेर १४ टक्के, तिसऱ्याअखेर ५ टक्के. आणि दहा तासांनंतरही, पाणी उत्तम मिसळत आहे असे धरले तरी, त्या १०० लिटरांत चहाचा एक चमचाभर पाणी असे असते, की ज्याने दिव्याचे तोंड पाहिलेले नाही. त्या चमचाभर पाण्यात जीव असतात आणि ते वाढतात. म्हणजे दिवा टाकी निर्जंतुक करीत नाही. पाण्यात तरंगणाऱ्या जिवांची संख्या, त्यांच्या वाढीच्या वेगाहून अधिक वेगाने घटवीत राहणे, एवढेच त्याचे कर्तव्य. यासाठी तो अहोरात्र चालू ठेवावा लागतो. हौसेने सायंकाळी तासभर लावलेल्या दिव्याचा उपयोग नाही. पंपाचा खरा वेग वेष्टनावरच्या आकड्यावरून न ठरविता, नळीच्या तोंडाशी दहा लिटरांची बादली धरून ती किती मिनिटांत भरते ते घड्याळ लावून पाहावे; सहा मिनिटे लागली तर वेग तासाला १०० लिटर झाला. गाळणी तुंबत गेली की हा वेग उतरतो, म्हणून ही परीक्षा महिन्याकाठी करावी.

हिरव्या पाण्यावर हा उपाय जवळजवळ रामबाण आहे. ते हिरवेपण पाण्यात तरंगणाऱ्या एकपेशीय शेवाळाचे असते. त्याची प्रत्येक पेशी कधी ना कधी नळीतून जातेच, आणि आठवड्याच्या आत टाकीचा मागचा भाग स्पष्ट दिसू लागतो. मेलेल्या शेवाळाचा गाळ मात्र गाळणीत साचतो, तो काढावा लागतो, आणि ज्या उन्हाने व ज्या उरलेल्या खाद्याने ते शेवाळ पोसले होते ते कारण कायम असेल तर दिवा बंद करताच पाणी पुन्हा हिरवे होते. काचेला, दगडांना नि वनस्पतींच्या पानांना चिकटलेले शेवाळ नळीत कधीच जात नाही, म्हणून त्याला या दिव्याने काडीचाही धक्का लागत नाही. जकातनाक्यावरचा कारकून नाक्यावरून जाणारा माल तपासतो, घरोघरच्या कोठारांत साठलेल्या मालाशी त्याला कर्तव्य नसते. तसाच या किरणाचा अंमल नळीपुरता चालतो.

पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात हीच मर्यादा अधिक तीव्रतेने जाणवते. माशाच्या कातडीखाली शिरलेला परोपजीवी तेथे पोसतो, पूर्ण वाढल्यावर सुटून तळाशी जाऊन बसतो, स्वतःभोवती कोश विणून शेकडो पिल्लांत विभागतो, आणि ती पिल्ले बाहेर पडून दिवस-दोन दिवसांच्या आत नवा मासा न मिळाल्यास मरतात. या चक्रात दिव्याच्या कक्षेत येते ती केवळ पोहणारी पिल्ले. माशाच्या अंगात असलेला व तळाच्या कोशात असलेला शत्रू त्याच्या आवाक्याबाहेर राहतो. एकाच खोलीतील अनेक टाक्यांचे पाणी एकत्र फिरत असेल, तर एका टाकीचा रोग दुसरीत जाऊ न देण्याच्या कामी हा दिवा फार मोलाचा आहे; पण एकाच टाकीत, माशाच्या शेजारीच फुटलेल्या कोशातून निघालेले पिल्लू नळीत जाण्याऐवजी माशाच्या परांत शिरण्याचाच संभव अधिक. तेथे औषधच द्यावे लागते, आणि काही औषधे अतिनील प्रकाशात विघटित होत असल्यामुळे औषध चालू असेतो दिवा बंद ठेवावा लागतो. वनस्पतींसाठी घातलेल्या लोहाच्या द्रव खतालाही हाच नियम लागू आहे.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. टाकीतील माशांना सर्वांत मोठा धोका त्यांच्याच विष्ठेतून व कुजलेल्या खाद्यातून निघणाऱ्या अमोनियाचा असतो. गाळणीतील स्पंजवर व दगडगोट्यांवर वस्ती करून राहणारे उपकारक जीवाणू त्या अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर त्या मानाने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जीवाणू एका जागी चिकटून राहणारे असल्यामुळे दिव्याने त्यांचे नुकसान होईल, ही भीती अनाठायी आहे. परंतु दिवा त्यांचे कामही करू शकत नाही. नवीन टाकीत बाटलीतले जीवाणू घालून ही वस्ती वसवावयाची असेल तेव्हा मात्र पहिले काही दिवस दिवा बंद ठेवावा. नळाच्या पाण्यातील क्लोरीनही या घरगुती मात्रेने जात नाही. त्यासाठी पाणी आदल्या दिवशी उघड्या बादलीत काढून ठेवणे वा क्लोरीननाशक थेंब घालणे याला पर्याय नाही.

आता कोकणच्या पाण्याकडे वळू. किरण पाण्यात कितीसा आत जाऊ शकतो, हे पाणी किती नितळ आहे त्यावर अवलंबून असते. गढूळ कणांच्या आड जंतू सुखरूप लपतो, पालापाचोळ्याचा चहासारखा रंग किरण गिळून टाकतो, आणि पाण्यात विरघळलेले लोहही तेच करते. आषाढातले तांबूस पाणी सरळ टाकीत ओतून दिव्यावर भिस्त ठेवणाऱ्याचा दिवा रात्रंदिवस जळतो, वीज खर्च होते, आणि नळीच्या क्वार्ट्झवर तांबूस थर चढत जाऊन किरण बाहेर पडणेच थांबते. पाणी आधी दोन दिवस पिंपात निवळू द्यावे, कापडातून व स्पंजातून गाळावे, आणि मगच दिव्यासमोर न्यावे. बीजनिर्मितीच्या हौदांचा जो क्रम वर सांगितला, तोच येथेही पाळावयाचा. क्वार्ट्झची नळी महिना-दोन महिन्यांनी काढून पुसावी. ज्या घरात आमसुलाने पितळ उजळविण्याची रीत आहे त्या घराला आम्ल पदार्थाने डाग कसे निघतात हे शिकवावयास नको. लिंबाच्या रसात भिजविलेला मऊ फडका फिरवून नळी स्वच्छ पाण्याने धुतली, की ती पूर्ववत पारदर्शक होते.

पाण्याच्या नितळपणाचा हा प्रश्न माणसांच्या पिण्याच्या पाण्याच्या बाबतीत ज्यांनी फार खोलवर विचारात घेतला, ते शास्त्रज्ञ जन्माने मुंबईचे व नावाने मराठी आहेत, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट वाटली पाहिजे. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेत काम करणारे अशोक गाडगीळ यांनी, १९९३ च्या सुमारास भारतात पटकीच्या नव्या जातीची साथ पसरली असता, गरीब वस्त्यांना परवडेल असे अतिनील यंत्र बनविण्याचे मनावर घेतले. पाण्यात बुडविलेल्या नळीवर थर चढतो व कालांतराने यंत्र निरुपयोगी होते, हे ओळखून त्यांनी दिवा पाण्याच्या वर, हवेत टांगला, आणि त्याच्याखालून पाणी उथळ पन्हळीतून केवळ उताराने वाहू दिले. पुसावयाची नळीच उरली नाही व पंपाच्या दाबाचीही गरज राहिली नाही. ‘यूव्ही वॉटरवर्क्स’ या नावाने ओळखले जाणारे हे यंत्र साध्या विजेच्या बल्बाएवढ्या विजेवर मिनिटाला सुमारे १५ लिटर पाणी निर्जंतुक करते. २०२३ मध्ये अमेरिकेचे तंत्रज्ञानविषयक राष्ट्रीय पदक त्यांना देण्यात आले. घरगुती मत्स्यटाकीत पन्हळीची ती रचना सोयीची नाही, कारण उघड्या दिव्याचा किरण खोलीत पसरू देता येत नाही. परंतु नळीवरचा थर हा या उपायाचा मोठा वैरी आहे, हे त्या रचनेवरून ध्यानी यावे.

मे महिन्यातील उकाड्याचाही विचार करावा. पाणी ३० अंशांवर गेले की त्यात लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, आणि दिव्याची थोडीशी उष्णता लहान टाकीत भर घालते. त्या दिवसांत टाकीतील मासे कमी असावेत व एअर पंप चालू असावा. पावसाळ्यात झाड तारांवर पडून तासन्‌तास वीज गेली, तर दिव्याची चिंता करू नये. त्या वेळी चिंता करावी ती गाळणीतील जीवाणूंना व माशांना मिळणाऱ्या प्राणवायूची. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घरात असणे, हे अतिनील दिवा असण्यापेक्षा कितीतरी अधिक गरजेचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याच्या खिशाला एकच वस्तू परवडते त्याने प्रथम चांगली गाळणी, मग हा पंप, मग नवा मासा तीन आठवडे वेगळा ठेवण्यासाठी एक जादा टब, आणि यांनंतरच दिवा घ्यावा.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र कोणतीही सवलत घेऊ नये. उघड्या पेटलेल्या दिव्याकडे क्षणभरही पाहू नये. त्या वेळी काही जाणवत नाही, काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी असह्य आग होते, आणि त्वचाही उन्हाने करपल्यासारखी भाजते. नळी उघडण्यापूर्वी प्लग काढलाच पाहिजे, नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. तारेवरून ओघळणारे पाणी प्लगमध्ये शिरू नये म्हणून तार सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्यावी, आणि ज्या मंडळातून टाकीला वीज जाते त्यावर गळती ओळखून वीज तोडणारा ब्रेकर बसवून घ्यावा.

दिव्याला मुदत असते, आणि ती संपल्याचे डोळ्याला कळत नाही. सुमारे आठ-नऊ हजार तासांनी, म्हणजे अखंड चालविल्यास वर्षभराने, त्याचा जंतुनाशक किरण बराच क्षीण झालेला असतो, परंतु निळसर उजेड पूर्वीसारखाच दिसत राहतो व मालकाची समजूत कायम राहते. यासाठी दिवा बसविल्याची तारीख चोकच्या पेटीवर शाईने लिहून ठेवावी व वर्ष भरताच, उजेड कितीही लख्ख वाटला तरी, दिवा बदलावा. आणि काढलेला दिवा कचऱ्याच्या ढिगात, वहाळात किंवा पडक्या विहिरीत टाकू नये. त्यात पारा असतो. तो न फोडता, कागदात गुंडाळून, ई-कचरा गोळा करणाऱ्यांच्या स्वाधीन करावा, एवढी प्रत्येक हौशी मत्स्यपालकाला माझी कळकळीची विनंती आहे.